मंडईची सुट्टी

२ डिसेंबर २०१३

पक्की नाही झाली! अजून तीन महिने कच्चीच.

मॅनेजर बाबूनं सकाळी हापिसात बोलावलं. मले वाटलं कागद देते. रिसॉर्टात चुलीवर रांधाले लागली तेव्हाच सांगितलं होतं — सहा महिने पाहतो, मंग पक्कं करतो. सहा महिने झाले. मी तं हात धुऊन, पदर सारखा करून, गळ्यातला फोटोचा पट्टा सरळ करून गेली. बाबू म्हणाला, "आजी, बसा." बस म्हटलं तिथंच मले कळलं. चांगली गोष्ट माणूस उभ्यानंच सांगते.

"तुमचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलंय."

मी म्हटलं, वाढलं तं चांगलंच ना गा? धान वाढते, लेकरू वाढते...

तो हसला नाही. म्हणाला, "काढलेलं नाही आजी, वाढवलंय. फरक आहे त्यात."

काऊन वाढवलं म्हटलं.

"मंडई," एवढंच बोलला, बुटाकडं पाहून.

मंग मी उठली. पाहुण्यायचे पोहे राहिले होते.

३ डिसेंबर

घरी सांगितलं. माझ्यापेक्षा त्यायलेच जास्त लागलं. यादोराव — माझा मोठा पोरगा — हातातला घास ताटात ठेवून म्हणते, "माय, सोडून दे ना! एकसष्ट वर्षाची बाई अन् परीक्षा देऊन राहिली. लोक हसतात."

मी म्हटलं, हसू दे. दात आहेत तोवर हसतील.

सून पुष्पांजली चुलीपासूनच बोलली, "आत्याबाई, तुम्हाले तिथं रांधाले आवडते अन् इथं माझ्या भाजीत मीठ जास्त लागते!" तिचं बरोबर आहे. माझ्या घरची चूल आता तिची आहे. मी हात लावला तं तिले आवडत नाही, नाही लावला तं मले करमत नाही. म्हणून तं रिसॉर्ट.

नात रिंकीनं पट्ट्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, मले दिसत नाहीत. फोटोखाली लिहिलं आहे म्हणे, शिकाऊ. आधी सहा, आता तीन, म्हणजे नऊ महिने शिकाऊ! नवीन बैल घ्यायचा तं दोन तास नांगराले जुंपून पाहतात अन् सौदा करतात. मले नऊ महिने. नऊ महिन्यात तं आख्खं लेकरू तयार होऊन बाहेर येते.

रिंकी एवढी हसली का तिले पाणी द्या लागलं.

४ डिसेंबर

नागपूरवरून धाकट्या शुभमचा फोन. त्याले आनंदच झाला! "माय, हे चांगलंच झालं. आता ये इकडं. छोटीले कोण पाहील? आम्ही दोघंही ड्युटीवर." 

छोटी माझी कशी आहे, सांगू? गाल असे का शिंगाडा सोलून ठेवावा. मी गेली होती ना दसऱ्याले, तं माझं नाक धरून झोपत होती. सोडेच ना. मी श्वास तोंडानं घेतला रात्रभर.

पण ते तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाप्पा! दार लावून बसा. बाजूच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू येते अन् कोण राहते ते ठाऊक नाही. मी एकदा त्या दारावर जाऊन पुसलं, कोणत्या गावचे वो तुम्ही, घरी कोण कोण? नागपूरची सून मले आत ओढून म्हणाली, "आई, असं नाही विचारत इथं." 

मंग काय विचारतात इथं? काहीच नाही म्हणे.

शुभमशी बोली झाली. फेब्रुवारी सरेपर्यंत पक्की झाली तं मी इथंच, बांधाच्या तलावाजवळ. नाही झाली तं बॅग भरून नागपूर. यादोराव म्हणते, ठीक. पुष्पांजलीनं त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर टाकलं.

मी ठीक म्हटलं. जे होईल ते होईल. कुठंही गेली तरी भातच शिजवायचा आहे.

७ डिसेंबर

आज वेळ आहे, पाहुणे कमी. तं मंडईचं लिहून ठेवते. नाही तं लोक आपल्या मनानं सांगतात.

दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावच्या मंडया. प्रत्येक गावचा दिवस येगळा, कारण एका दिवशी साऱ्या झाल्या तं पाहुणा कोणाकडं जाईल? आमच्या गावची भाऊबीजेनंतर दुसऱ्या आठवड्यात होती. मी बाबूले सुट्टी मागितली.

तो म्हणाला, "मंडईला सुट्टी कशाला? भाजी तर गोंदियाहून येते आपली."

मी अन् टिकाराम — तो जंगलातली जिप्सी चालवते — दोघंही त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो. त्याच्या गावाकडं मंडई म्हणजे भाजीचा बाजार! टिकारामनं समजावून सांगितलं. बावा, जत्रेसारखं असते, गाई राखणारे गोवारी ढाल घेऊन नाचतात, रात्री दंडारीचं नाटक होते, लेकीबाई येतात, पाव्हणे येतात, घरोघरी सुवाऱ्या म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या अन् कोंबडं. बाबूले समजलं. समजल्यावर म्हणाला, "छान आहे. पण आजी, पाहुणे आहेत. पाहुणे असताना सुट्टी नाही."

आता मले सांगा. मंडई असतेच कायसाठी? पाहुण्यायसाठी! त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या कोणालेही हाक मारून बसवतात. कोणाच्या घरी पाहुणा नाही आला तं तो माणूस दारात उभा राहून रस्त्याकडं पाहते, अन् मंग शेजारचा आपला एक पाहुणा त्याच्याकडं धाडून देते. असं आहे. अन् हा म्हणते, पाहुणे आहेत म्हणून मंडई नाही.

मी म्हटलं बरं.

मंडईच्या दिवशी बाबू सामान आणाले गोंदियाले गेला. पुण्याकडचे चार पाहुणे होते — नवरा, बायको, त्यायची एक पोरगी अन् नवऱ्याची म्हातारी माय. दुपारच्या जेवणाले मी वाढत होती अन् माझं तोंड उतरलं असंल. बायको म्हणाली, आजी, बरं नाही का? खोटं कायले लिहू, कोणी पुसते याची वाटच पाहत होती मी. म्हटलं, आज आमची मंडई आहे. घरी पाहुणे येऊन बसले असतील, अन् मी इथं. 

तिनं विचारलं, कुठं आहे? 

म्हटलं, हे काय, ढोल ऐकू येऊन राहिला ना! 

मंग मी म्हटलं — मीच म्हटलं — चला, माझे पाहुणे म्हणून.

टिकारामची गाडी उभीच होती. पाहुण्यायले तीन वाजता जंगलात न्यायचं होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, अर्ध्या तासात येऊ परत. माझ्या मामाचंही गाव तेच आहे, जरा तोंड दाखवतो.

अर्धा तास! पुण्याची म्हातारी आमच्या अंगणात खाटेवर जी बसली, ती उठेच ना. शिंगाडे सोलून खात होती अन् पुष्पांजलीच्या माहेरची नावं पुसत होती. पोरगी गोवाऱ्यायच्या मागं नाचाले गेली. नवरा तीनदा जेवला, आमच्याकडं, टिकारामच्या मामाकडं अन् कवडू ढिवराकडं. आमच्याच घरची मासोळी कवडूच्या बोटीतली, पण कवडूच्या बायकोच्या हातची येगळी लागते म्हणून गेला. वाघ राहिला जंगलातच. तिकिटं वाया. टिकारामनं दोनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्यांदा तोही खाटेवर बसला.

बाबू संध्याकाळी आला तेव्हा आम्ही सारे जागेवर होतो. काही बोललो नाही, त्यानं काही विचारलं नाही. तसंच निभून गेलं असतं. पण त्या पुण्याच्या बाईनं घरी जाऊन कॉम्प्युटरवर लिहिलं! रिंकीनं वाचून दाखवलं मले. एवढं गोड लिहिलं होतं का डोळ्यात पाणी यावं. वाघापेक्षा आजींची मंडई पाहा असं. फोटो माझा. खाट, म्हातारी, शिंगाडे, अन् मागं रिसॉर्टची जिप्सी, नंबरासगट.

मालक नागपूरले बसून तेच वाचते म्हणे.

८ डिसेंबर

कोणी शिव्या दिल्या असत्या तं मी पक्की झाली असती. चांगलं लिहिलं म्हणून कच्ची राहिली! यादोरावले हे सांगितलं तं तोही हसला. पहिल्यांदाच हसला यावर.

१५ डिसेंबर

नवीन नियम. स्वयंपाकाची बाई पाहुण्यायशी बोलणार नाही. पाहुण्यायले गाव, लेकरं, लग्न, काही पुसणार नाही. कुंपणाच्या बाहेर कोणाले नेणार नाही. बाबूनं वाचून दाखवलं अन् म्हणाला, "हे माझं नाही आजी, वरून आलंय."

म्हटलं, वरून तं पाऊसही येते. छत्री घेईन.

२० डिसेंबर

न बोलता रांधणं लई कठीण. वरण पण गप्प शिजते असं वाटते. 

मंग मी मांजरीशी बोलते. मोठ्यानं. "का वो मनी, हे लोक दुरून आलेले दिसतात. नवीन लग्न झालं असंल का? बाईले वांग्याची भाजी आवडली दिसते." खिडकीतून ती बाई म्हणाली, "हो हो, आवडली! अमरावतीचे आम्ही. दोन वर्षं झाली लग्नाला." मी मांजरीले म्हटलं, "ऐकलं का वो?" 

बाबू दारात उभा होता. मले वाटलं आता नऊचे बारा महिने होतात. तो तोंडावर हात ठेवून निघून गेला. खांदे हलत होते.

२७ डिसेंबर

गर्दी. भाकरीचं पीठ संपलं. कमर दुखते. झोपते.

३१ डिसेंबर

शहरातले पाहुणे नवीन वर्षासाठी आले. आमचं नवीन वर्ष पाडव्याले, यायचं थंडीत. काही म्हणणं नाही. लाखोरीच्या डाळीचे वडे सारे फस्त!

बाबू व्हरांड्यात फोनवर उभा होता बराच वेळ. मी वडे घेऊन गेली तं ऐकू आलं, "हो सर. जबाबदारी माझीच. हो सर. माहितीये." वडे तसेच थंड झाले. मी परत तळून नेऊन दिले. म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला त्रास घेतला." मी म्हटलं, तेलाले त्रास, मले काय.

६ जानेवारी २०१४

छोटीले दात आला! शुभमनं फोन तिच्या तोंडाजवळ धरला. नुसती गुरगुर ऐकू आली, पण मले वाटते दाताची गुरगुर येगळीच असते. दिवसभर ज्याले त्याले सांगितलं. बाबूलेही सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊन या ना आजी, दोन दिवस." 

म्हटलं, कच्च्या बाईले सुट्टी चालते का गा?

"चालते. मी देतो."

गेली नाही. एकदा मंडईची सुट्टी अंगावर आली तेवढं पुरे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू साऱ्यायले दिले. पाहुण्यायले देताना "गोड बोला" म्हणता येत नाही, कारण बोलायची बंदी. नुसता हातावर लाडू ठेवायचा अन् हसायचं.

बाबूचा चेहरा उतरला होता. त्याच्या बहिणीचा आज साखरपुडा, अन् हा इथं. म्हटलं, काऊन नाही गेला? साऱ्यायले सुट्टी देणारा तं तूच.

"मला कोण देणार आजी? तुमचं आणि माझं सारखंच आहे."

मी म्हटलं, सारखं कसं गा, तुले खुर्ची आहे! आम्ही दोघंही हसलो. मंग मी त्याले पुसणारच होती, बहीण लहान का मोठी, कोणत्या गावाले दिली, घरी माय आहे का, तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं. पळाली. दूध अर्धं गेलं. मंग ते राहूनच गेलं.

२६ जानेवारी

झेंडा लावला. जिलेबी गोंदियाची. पाहुण्यायतल्या एका बाईनं मले पाहिलं अन् ओरडली, "तुम्हीच ना त्या मंडईच्या आजी! आम्ही वाचून आलो!" मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. ती म्हणते, का हो, उपास आहे का? बोलायचा उपास मी पहिल्यांदा ऐकला.

बाबू मागूनच म्हणाला, "बोला आजी, बोला. फक्त बाहेर नेऊ नका."

दीड महिन्याचं सारं बोलली. त्या बाईची तीन लेकरं, सासू अंथरुणाले, नवरा दुकानदार, माहेर अकोल्याकडं. जीव हलका झाला.

आतापर्यंत मंडईचं पुसत आलेले पाहुणे बाबू मोजून मालकाले सांगते असं टिकाराम म्हणाला. कायले सांगते? मंडई तं नोव्हेंबरात होऊन गेली.

९ फेब्रुवारी

पुष्पांजलीनं आज मले पुसलं, "आत्याबाई, नागपूरले गेल्या तं कायम जाणार का?" म्हटलं, बोली झाली आहे. ती भांडे घासत होती, घासतच राहिली, एकच भांडं. मंग म्हणाली, "मंडईले कोण रांधील मंग? मले नाही जमत एवढ्या माणसायचं." 

मीठ कमीजास्त झालं तरी यापुढं बोलणार नाही, असं ठरवलं आहे. पाहू किती दिवस जमते.

१८ फेब्रुवारी

बॅग काढून उन्हात ठेवली. भरली नाही. नुसती ठेवली. कोंबडी जाऊन बसली तिच्यात.

२७ फेब्रुवारी

पक्की झाली! पक्की! पक्की!

मालक स्वतः आला नागपूरवरून, दोन माणसं घेऊन. मी वाढलं. तो आधी जेवला, मंग हात पुसत म्हणाला, "अम्मा, अब आप परमनंट. और सुनो, अगले साल मंडई का पूरा प्रोग्राम रखेंगे. गेस्ट को गाव ले जाना, खाना, नाच, सब. आपके नाम से." 

ज्याच्यासाठी कच्ची ठेवली त्याच्यासाठीच पक्की! मी म्हटलं, मालक, पाहुणे आणा, पण मंडई विकू नका. ज्याच्या घरी जेवतील त्याच्या घरी फुकटच जेवतील. तो म्हणाला, "हाँ हाँ, देखेंगे." शहाणा आहे.

साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. बाबू मागं उभा होता, त्यानं सगळ्यात जास्त वेळ वाजवल्या. "अभिनंदन आजी," म्हणाला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. वाकला तो, म्हणून हात पुरला.

घरी आली तं रिंकीनं पट्ट्यावरच्या "शिकाऊ"वर पांढरी पट्टी चिकटवली. शुभमले फोन केला. तो म्हणाला, "बरं माय. उन्हाळ्यात तरी ये." येते ना! छोटीचं नाक धरायचं राहिलं आहे, या खेपेले माझी पाळी. पुष्पांजलीनं बॅगेतली कोंबडी हाकलली अन् बॅग माळ्यावर टाकली. मले न पुसता.

नऊ महिने भरले. बाळंत झाली म्हणायची मी!

उद्या सुवाऱ्या करते, बाबूसाठी. त्याले पहिल्या दिवशी केल्या होत्या तं म्हणाला होता, आमच्याकडं अशा नसतात.

१ मार्च

बाबू गेला. काल दिवसभर त्याची खोली बंद होती, मले वाटलं काम असंल. आज पहाटे टिकारामनं त्याले गाडीवर सोडलं. आल्यावर सांगितलं. बाबूही आमच्यासारखाच कच्चा होता. त्याचेही सहा महिने, अन् त्यालेही तीन वाढवून दिलेले, त्याच दिवशी. मालकानं मले पक्कं केलं अन् त्याले काढलं. मालक डिसेंबरात म्हणाला होता, बुढीले काढ. हा म्हणाला, मंडईची सुट्टी मीच दिली होती, गाडीही मीच दिली, चूक माझी.

दिली नव्हती.

सुवाऱ्या टोपल्यात तशाच आहेत.

येत्या मंडईले त्याले निरोप धाडते म्हटलं. टिकारामले पुसलं, कोणत्या गावचा होता गा तो? त्याले ठाऊक नाही. कोणालेच नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यायले पुसलं मी. त्याले पुसलं नाही.